आगोटीच्या यादीत यंदा गाडीही लिहा

मे सरत आला की कोकणात लाकडं, कांदे, सुकी मासळी, ताडपत्री अशी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, यादी निघते. ज्यांच्या अंगणात इलेक्ट्रिक कार उभी आहे, त्यांनी यंदा त्या यादीत गाडीही लिहावी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, विजेचे खांब ओळीने आडवे झाले आणि रायगड, दापोली, मंडणगडातल्या कित्येक वाड्यांवर लाईट यायला आठवडे लागले. घरच्या इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी पूर्ण भरली तरी पावणेदोन युनिटांचीच. मध्यम इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत साधारण 45 युनिटं असतात.

आधी आपल्या गाडीत व्हीटूएल, म्हणजे बाहेरच्या उपकरणांना वीज द्यायची सोय आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. नेक्सॉन किंवा आयोनिक 5 सारख्या गाड्यांत ती मिळते, पण व्हेरियंटप्रमाणे फरक असतो आणि अडॅप्टर बहुधा वेगळा घ्यावा लागतो. तो मे महिन्यातच घरात हवा. सोय नसेल तर 12 व्होल्टच्या सॉकेटवर फोन आणि राउटर एवढंच चालेल, त्यावर फ्रिजचा विचारही करू नका.

अडॅप्टरमधून साधारण तीन-साडेतीन किलोवॅट निघतात, तेव्हा कशाला वीज द्यायची ते आत्ताच ठरवा. फ्रिज दिवसाला एक-दीड युनिट घेतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसेक वॉट, एलईडी दिवा नऊ वॉट. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर फ्रिज पहिला. गीझर आणि इस्त्री यादीतून काढून टाका. विहिरीचा पंप मात्र फसवतो: एक एचपीचा पंप चालताना हजारेक वॉट घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढतो आणि गाडी पुरवठा तोडते. म्हणून वादळाचा इशारा आला की आधी टाकी, पिंपं, हंडे भरून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून गाडीची वीज भिंतीतल्या प्लगमध्ये द्यायची युक्ती कुणी सुचवली, तर ठाम नाही म्हणा. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी खांबावर जाते आणि डीपीतून चढून 11 हजार व्होल्टच्या लाईनवर येऊ शकते. त्या लाईनवर महावितरणचा वायरमन भर पावसात, लाईन बंद आहे या भरवशावर काम करत असतो. जपानमध्ये निसानने 2012 मध्ये लीफ गाडीतून घराला वीज देणारी यंत्रणा आणली, ती घराला जोडलेल्या स्वतंत्र यंत्रातून चालते. आपल्याकडचा अडॅप्टर त्या कामाचा नाही. माझं मत स्पष्ट आहे: घराच्या वायरिंगला हात न लावता उपकरणं थेट गाडीवर लावा.

त्यासाठी तीन कोरची, 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर आणि 16 अँपियरचा चांगला बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वापरताना वायरीचं भेंडोळं पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर लोड आला की तापते. शॉक बसताच वीज तोडणारा घरातला ईएलसीबी जसा पडतो तसं संरक्षण इथे मिळेलच असं धरू नका. ओले हात, ओली फरशी आणि अनवाणी पाय टाळा. अडॅप्टर पागोळ्यांखाली येणार नाही अशी गाडी पोर्चमध्ये लावा. पण नारळाखाली नको आणि ओहोळाचं पाणी चढतं त्या बाजूलाही नको. गाडीत पुराचं, त्यातून खारं पाणी शिरलं तर तिला काही जोडू नका.

मे महिन्यातच एका रविवारी मेन स्विच पाडून रंगीत तालीम करा. फ्रिज नुसता लावून थांबू नका, कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत बघा. व्हीटूएल चालू असताना गाडीची स्वतःची यंत्रणाही जागी राहते आणि वीज खाते, त्यामुळे दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा दर चार तासांनी थोडा वेळ चालवणं परवडतं. मधल्या वेळात फ्रिजचं दार उघडू नका, चार तास गारवा टिकतो. असा हिशेब ठेवला तर 45 युनिटांच्या गाडीवर बेताने आठवडा निघतो. बॅटरी 30 टक्क्यांवर आली की थांबवायची सेटिंग गाडीत असेल तर ती लावा. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाऊन परत येण्याइतकी वीज हातची जाऊ द्यायची नाही.

वायर कुठे आहे, आधी काय लावायचं, काय लावायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. कारण वादळ येईल तेव्हा कदाचित तुम्ही मुंबईत असाल आणि घरी फक्त आई-बाबा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, दहा फोन चार्ज करायला गाडीला काहीच लागत नाही.

लाईट आली की लगेच फ्रिज भिंतीवर लावू नका. सुरुवातीला व्होल्टेज वरखाली होतं. अर्धा तास दिव्यांवर नजर ठेवा, मग उपकरणं बंद करा, अडॅप्टर काढून कोरडा पुसून ठेवा आणि गाडी चार्जिंगला लावा.