आरोग्याचा जीवनपट कसा मांडावा

दवाखान्यात विचारला जाणारा पूर्वेतिहास बहुधा आजार, औषधे, शस्त्रक्रिया आणि आईवडिलांचे विकार एवढ्यावरच थांबतो. आपण कोणत्या घरांत राहिलो, कोणत्या हवेत श्वास घेतला, कोणत्या कामात उमेदीची वर्षे घालवली आणि अडचणीच्या काळात पाठीशी कोण उभे होते, हे त्यात क्वचितच येते. वास्तविक आयुष्यभराच्या प्रकृतीवर या गोष्टींचा ठसा फार खोल असतो. हा राहून गेलेला भाग आपला आपण लिहून काढता येतो. त्यासाठी एक मोठा कागद आणि घरातील वडीलधाऱ्यांशी निवांत बोलण्याची तयारी पुरेशी आहे.

कागद आडवा घेऊन मधोमध एक रेघ मारावी व तिच्यावर वर्षे मांडावीत. सुरुवात मात्र जन्मवर्षाच्या आधीच्या वर्षापासून करावी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाचा भीषण तुटवडा पडला होता, आणि त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांचा पुढे अनेक दशके अभ्यास झाला. ज्यांच्या वाट्याला ही उपासमार गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत आली, त्यांच्यात प्रौढपणी हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. ज्यांच्या वाट्याला ती शेवटच्या महिन्यांत आली, त्यांचे जन्माचे वजन कमी भरले आणि पुढे रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्याची शरीराची क्षमताही घटलेली दिसली. म्हणून आईला गरोदरपणातील आहार, काम आणि आजारपण यांविषयी अवश्य विचारावे व प्रत्येक नोंदीपुढे अंदाजे का होईना, काळ लिहावा.

रेघेच्या वरच्या बाजूला परिसर लिहावा: घरातील ओल, चुलीचा किंवा वाहनांचा धूर, पिण्याचे पाणी, रात्रीचा गोंगाट, उकाडा, कामाच्या ठिकाणची धूळ व रसायने. खालच्या बाजूला सामाजिक परिस्थिती लिहावी: उत्पन्नाची शाश्वती, शिक्षण, झोपेचे तास, घरातील भांडणे किंवा मारहाण, एकटेपणा, मिळालेला आधार. या दोन बाजूंसाठी वेगवेगळे कागद करू नयेत, असा माझा आग्रह आहे, कारण शरीरात त्या वेगळ्या राहत नाहीत.

शिशाचे उदाहरण पाहावे. जुन्या घरातील रंगात शिसे असेल, तर रंगाचे पापुद्रे सुटून त्यांची भुकटी जमिनीवर पडते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागून तोंडात जाते. तेवढेच शिसे पोटात गेले तरी लहान मूल प्रौढ माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. त्यात आहारातील लोह व कॅल्शियम कमी पडत असेल, तर हे शोषण आणखी वाढते. ज्या कुटुंबाला घराची डागडुजी परवडत नाही, त्याच कुटुंबाला पुरेसा आहारही परवडत नसतो, आणि भिंत व ताट अशा दोन्ही बाजूंनी तेच मूल कात्रीत सापडते. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते व गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरू शकते, म्हणजे एका पिढीच्या घराचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो.

नोकरीच्या नोंदीत केवळ हुद्दा लिहून भागणार नाही. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ साली सुरू झालेला अभ्यास सांगतो की, खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीपेक्षा कितीतरी अधिक होते आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या कारणांनी या तफावतीचा काही भागच उलगडत होता. त्यामुळे कामाचा वेग, वेळ व पद्धत ठरवण्यात आपला शब्द कितपत चालत होता, हेही लिहावे.

आता ज्या वर्षांत वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू जड झालेल्या दिसतात, तो भाग पेन्सिलीने गडद करावा. अशा गडद पट्ट्यावरून अमुक आजार होणारच, असा निष्कर्ष काढू नये. हे अभ्यास समूहांविषयी सांगतात, एका माणसाचे भविष्य नव्हे. आईवडिलांना दोष देण्यासाठी तर हा कागद मुळीच वापरू नये, कारण त्यातील बऱ्याच गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्याच.

उपाय योजताना आजही चालू असलेल्या आणि मुलांना किंवा गरोदर स्त्रीला भिडणाऱ्या नोंदी आधी घ्याव्यात. जुना रंग कोरडा खरवडू नये; जमीन व खिडक्यांच्या चौकटी ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि मुलाच्या रक्तातील शिशाच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. रस्त्याचा धूर किंवा कारखान्याचे सांडपाणी एकट्याने हटत नाही; तिथे शेजाऱ्यांनी आपापल्या नोंदी एकत्र करून स्थानिक प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. डॉक्टरांना संपूर्ण कागद वाचायला वेळ नसतो, तेव्हा गडद पट्ट्यांपैकी महत्त्वाच्या दोन-तीन नोंदी वेगळ्या लिहून न्याव्यात आणि त्यांमुळे एखादी तपासणी लवकर करावी लागेल का, असे स्पष्ट विचारावे. घर किंवा नोकरी बदलली, घरात मूल जन्माला आले किंवा घरातील आधाराचे माणूस गेले, की त्या वर्षापाशी नवी नोंद करावी.