बारमाही पातीचा कांदा पावसाळ्यात कुजू नये म्हणून

गड्डा न धरता बुडाशी फुटवे देणारा बारमाही पातीचा कांदा उन्हाळा कसाबसा काढतो, पण जुलैच्या झडीत कुजतो. हल्ली महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो आणि सपाट वाफ्यात पाणी तुंबतं. खानापूर, बेळगावकडच्या परसात हे हमखास होतं. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात तर पाणी आणखी रेंगाळतं.

उपाय रोहिणी नक्षत्रातच (मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा) करायचा, मृगाची वाट बघू नका.

१. गादीवाफा वीतभर उंच करा. माती भारी असेल तर दोन पाट्या मातीला एक पाटी जाड वाळू आणि एक पाटी कुजलेलं शेणखत.

२. जुना ठोंब उपटून हातानं फोडा, प्रत्येक तुकड्यात २-३ फुटवे ठेवा. मुळं दोन बोटं, पात चार बोटं ठेवून छाटा. बूड दाबल्यावर मऊ लागलं किंवा तपकिरी दिसलं तर तो तुकडा लावूच नका.

३. वीतभर अंतरावर, पांढरी मान जेमतेम झाकेल इतकंच खोल लावा. खोल गेलेलं रोप आधी सडतं.

४. उसाचं पाचट पावसाळ्यात नको. ते ऑक्टोबरनंतर पसरा, उन्हाळ्यात ओल टिकते.

झडीत पात कापू नका. ती पोकळ असते. कापलेल्या नळीत पाणी साचून सड खाली बुडापर्यंत जाते. दोन दिवस उघडीप मिळाली की सकाळी, बुडापासून दोन बोटं वर कापा.