दोन लाइन घेतल्या, तरी वेग तेवढाच?

ऑफिसात १०० एमबीपीएसच्या दोन इंटरनेट लाइन ड्युअल-वॅन (दोन लाइन घेणाऱ्या) राउटरला जोडल्या, तरी एकच मोठी फाइल उतरवताना आकडा शंभराच्या आसपासच अडतो. राउटर फक्त वाटणी करतो: एक कनेक्शन या लाइनवर, दुसरं त्या. दहा जण एकदम कामाला बसले की मग फरक जाणवतो. एकाच फाइलला दोन्ही लाइन हव्यात? मग बाँडिंग लागतं, म्हणजे एकाच कनेक्शनचा डेटा दोन्ही लाइनवर विभागून पाठवणं, आणि पलीकडच्या टोकाला ते तुकडे (पॅकेट) पुन्हा जुळवणारा सर्व्हरही. लाइन १०० आणि ५०च्या असतील, तर राउटरमध्ये वेटेज (वाटणीचं प्रमाण) २:१ ठेवा. बँकेची साइट सारखी लॉगआउट करत असेल, तर बहुधा लाइन बदलली की आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) बदलतोय. तिचा ट्रॅफिक एकाच लाइनला बांधून टाका.