कुर्डुवाडीसारख्या रेल्वेगावाची लोकसंख्या आणि इतिहास कसा शोधायचा

आकडे मागाहून बघा, आधी नावाचा घोळ मिटवा. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं कुर्डुवाडी जुन्या रेल्वेच्या कागदांत ‘बार्शी रोड’ या नावाने येतं. शेजारी कुर्डू हे वेगळं गाव आहे. बार्शी शहर तिसरंच. ही तिन्ही नावं इंग्रजी स्पेलिंगांसह एका कागदावर लिहून मगच शोधाला लागा, नाहीतर कुर्डूची माणसं कुर्डुवाडीत मोजली जातात.

आता रेल्वेच्या तारखांची पट्टी आखा. मुंबईहून येणारा जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा) रूळ इथे 1859 मध्ये पोहोचला आणि 1860 मध्ये सोलापूरला गेला. इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे 1897 ला बार्शीपर्यंत सुरू झाली. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. 1954 मध्ये ती सरकारने घेतली. या पट्टीशेजारी जनगणनेचे आकडे मांडले की गाव कधी वाढलं ते दिसतं. का वाढलं, हे मात्र पट्टी सांगत नाही.

आकड्यांसाठी 2011 च्या जनगणनेचा ‘ए-4’ तक्ता काढा. त्यात शहरांची 1901 पासूनची लोकसंख्या दशकवार आहे. एखाद्या वर्षापुढे रेघ असेल तर गाव ओस पडलं असं समजू नका. त्या वर्षी ते ‘शहर’ धरलेलं नव्हतं, एवढंच. मग आकडा जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या गावयादीत शोधायचा. या पुस्तिका 1951 पासून मिळतात. नगरपालिका नसलेल्या गावाला शहर म्हणायची कसोटी 1961 ला कडक झाली: किमान 5,000 वस्ती, दर चौरस किलोमीटरला साधारण 400 माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेर. त्या वर्षी देशभरात अनेक छोटी गावं यादीतून गळाली.

दशवार्षिक वाढ काढताना नव्या आकड्यातून जुना वजा करा, जुन्याने भागा, 100 ने गुणा. पण त्याआधी हद्द तपासा. रेल्वे कॉलनी कधी हद्दीत असते, कधी बाहेरची वाढीव वस्ती म्हणून वेगळी मोजलेली असते. दोन जनगणनांतलं क्षेत्रफळ ताडून बघा. ते बदललेलं असेल तर टक्केवारी छापूच नका. 1921 ची घट दिसली तर 1918 च्या इन्फ्लुएन्झाची साथ आधी आठवा, रेल्वेला दोष नंतर द्या. 1941 ला युद्धामुळे तक्ते थोडेच निघाले. 2011 नंतरचा ‘आजची लोकसंख्या’ म्हणून फिरणारा आकडा हा अंदाज असतो, तसंच लिहा.

माणसांचा माग हवा असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, मागा. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात सापडतात, बऱ्याचदा मोडी लिपीत. वाचणारा माणूस आधी ठरवून जा. जागेच्या इतिहासासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डची) नक्कल घ्या.

कुंपणाला किंवा खांबाला लावलेला जुना रूळ दिसला तर त्याच्या उभ्या बाजूवर चुना चोळा. कारखान्याचं नाव आणि साल उठून दिसतं. फसायला होतं ते इथेच. ते साल कारखान्यात रूळ बनवल्याचं असतं. रूळ उखडून दुसरीकडे वापरायची पद्धत जुनीच आहे, त्यामुळे लाइनीची तारीख त्यावरून ठरवू नका.