ब्रँच मॅनेजर झालात? मग या चुका टाळा

संध्याकाळ झालीय, कॅश टॅली होत नाहीये, कॅशियर तिसऱ्यांदा बंडलं मोजतोय आणि साहेब मागे उभे राहून "लक्ष कुठे असतं तुमचं?" सगळ्यांसमोर. मी काउंटरवर काम केलंय, अशा वेळी हात थरथरतो आणि मोजणी अजूनच चुकते. खरं तर हिशेब आणि मोजलेली रक्कम यांतला फरक शोधायला डोकं शांत लागतं. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर अंक उलटे पडलेत का बघायचं (540 चे 450), नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, जमेची एन्ट्री चुकून नावे (म्हणजे डेबिटला) पडली असेल तर तिथेच सापडते. शेजारी बसून एवढं करा ना, ओरडून काय मिळतं?

दुसरी चूक, माणसं सांभाळायला लागणारा इमोशनल इंटेलिजन्स म्हणजे नुसतं गोड बोलणं, असं समजणं. 1990 मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली तेव्हा अर्थ साधा होता, स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या आणि ती माहिती विचार करताना, वागताना वापरायची. म्हणजे काम खराब झालं तर तसं सांगायचंच, पण केबिनमध्ये, एकट्याला, आणि कामाबद्दल, माणसाबद्दल नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रोज फक्त टार्गेट. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत क्रॉस-सेलिंगचा (आहे त्याच ग्राहकाला आणखी खाती, कार्डं विकण्याचा) दबाव इतका होता की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली, 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड बसला आणि सुमारे 5,300 जणांची नोकरी गेली. आकडे छान दिसत होते तोपर्यंत सगळं ठीक वाटत होतं! म्हणून रिव्ह्यूमध्ये "किती झालं"च्या आधी "कुठे अडतंय" विचारा.

सगळ्यांना एकच स्टाईल पण नको. नव्याला पायरी पायरीने सांगावं लागतं, वीस वर्षं काढलेल्याला विचारावं लागतं. सिस्टीम बंद पडून रांग दारापर्यंत गेली की मात्र चर्चा नाही, सरळ ऑर्डर द्या, तिथे तेच बरोबर.

मीटिंगमध्ये कुणीच बोलत नसेल तर टीमला दोष देऊ नका, आठवून बघा की शेवटची चूक कुणी स्वतःहून सांगितली होती आणि तेव्हा तुम्ही त्याला काय बोललात. पुढच्या वेळी कुणी असा आला तर आधी बसायला सांगा, मग विचारा फरक कितीचा आहे.