भेंडीवरील कीड : रासायनिक औषध केव्हा, निंबोळी अर्क केव्हा

भेंडीचा तोडा एकदा सुरू झाला की तो दिवसाआड करावाच लागतो, कारण उशीर झालेली शेंग जून होते आणि नाशिकच्या बाजार समितीत तिला कोणी विचारत नाही. म्हणून भेंडीसाठी औषध निवडताना कीड किती लवकर मरेल यापेक्षा फवारणीनंतर किती दिवस तोडा करता येणार नाही, हे आधी पाहावे. इमामेक्टिन बेंझोएट आणि क्लोरँट्रानिलीप्रोल या शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीवरील दोन्ही औषधांसाठी हे अंतर ५ दिवसांचे आहे. म्हणजेच मधल्या दोन तोड्यांची भेंडी खुडून टाकून द्यावी लागते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हापासून निफाड-दिंडोरीचा बागायतदार द्राक्षावरील प्रत्येक फवारणीची तारीख वहीत लिहितो. मात्र त्याच बांधापलीकडच्या भेंडीवर संध्याकाळी फवारून सकाळी तोडा होताना मी अनेकदा पाहिले आहे, आणि ते मला कधीच पटलेले नाही.

माझ्या मते रासायनिक औषधाची खरी जागा फुले लागण्याच्या आधी आहे. पेरणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण ४५ दिवस मिळतात आणि या काळात मुख्यतः तुडतुडे, मावा व पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींचा त्रास असतो. बियाण्यास इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया पाकिटावरील मात्रेने केलेली असेल तर सुरुवातीचे तीन-चार आठवडे बहुधा फवारणीची गरज पडत नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा शेतात तिरपे चालत २० झाडांची पाने उलटून पाहावीत. तुडतुड्यांची फिकट हिरवी पिल्ले पान उलटताच तिरकी पळतात. पानामागे सरासरी दोन-तीन पिल्ले दिसू लागली किंवा पानांच्या कडा वर वळून पिवळ्या पडू लागल्या, तर थायोमेथोक्झामची एक फवारणी करावी. तेच औषध पुन्हा पुन्हा मारू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी व लाल कोळी उलट वाढतात. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला तर भाजीपाल्यावर बंदीच आहे.

तोडा सुरू झाल्यावर मदार निंबोळी अर्कावर ठेवावी. सावलीत वाळवलेल्या ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून दोनदा पिळून गाळावी, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. गाळण्यात आळस केला तर नोझल तुंबतो आणि मजूर वैतागतो. अर्क त्याच दिवशी वापरावा. उन्हात त्यातील अझाडिरॅक्टिन हे किडीवर काम करणारे द्रव्य लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने करावी. भेंडीचे फूल सकाळी उमलून दिवसाअखेर मिटते, त्यामुळे संध्याकाळच्या फवारणीत मधमाश्याही वाचतात. या अर्काने दुसऱ्या दिवशी किडींचा सडा पडत नाही. किडी खाणे सोडतात आणि पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडते, हा त्याचा परिणाम असल्याने आठ-दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी लागते. सोबत एकरी १०-१२ पिवळे चिकट सापळे लावावेत.

अळीच्या बाबतीत मात्र केवळ अर्कावर विसंबू नये. सुकलेला शेंडा चिरून पाहिला तर आत विष्ठा आणि अळी सापडते. असे शेंडे आणि छिद्राच्या वाकड्या शेंगा प्रत्येक तोड्याला वेगळ्या पिशवीत घेऊन नष्ट कराव्यात, बांधावर टाकू नयेत. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावताना त्यातील आमिष ठिपक्याच्या बोंडअळीचेच, म्हणजे भेंडी पोखरणाऱ्या या अळीचेच, आहे याची खात्री करावी, कारण गुलाबी बोंडअळीचे आमिष येथे निरुपयोगी आहे. एवढे करूनही शंभरात पाचपेक्षा जास्त शेंगा किडक्या निघाल्या, तर तोडा उरकून त्याच संध्याकाळी इमामेक्टिन फवारावे आणि पुढच्या दोन तोड्यांची भेंडी खुडून टाकून द्यावी.

हळद्या (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणूरोग) झालेले झाड यांपैकी कशानेही सुधारत नाही. ते दिसताच उपटावे.

शेवटी पंपाविषयी. रसशोषक किडींना मारणारी व्हर्टिसिलियम ही बुरशी पावसाळी, दमट हवेत चांगली चालते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात तिच्यावर पैसे घालवू नयेत. मी एकदा ती द्राक्षावर बुरशीनाशक मारलेल्या पंपातूनच फवारली आणि मारायची ती कीड राहून उपयोगाची बुरशीच मारली. तणनाशकाच्या पंपाने होणारे नुकसान याहून मोठे असते: टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश राहिलेल्या पंपाने फवारलेल्या भेंडीची नवी पाने चिंध्यांसारखी अरुंद येतात आणि वाढ खुंटते, म्हणून भेंडीचा पंप वेगळा ठेवून त्यावर रंगाने खूण करावी.