कंटेनर चालू, पण फोल्डर वाचता येईना

रेड हॅट लिनक्सच्या सर्व्हरवर पॉडमॅन या साधनाने चालवलेला कंटेनर (वेगळ्या बंद कप्प्यात चालणारा प्रोग्रॅम) सुरू व्हायचा, पण जोडलेला डेटा फोल्डर वाचताना ‘परमिशन डिनाइड’. फोल्डरचा मालक बरोबर, परवानग्या ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) करूनही ढिम्म. मग फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ कमांडला कॅपिटल झेड लावून सुरक्षेची लेबलं पाहिली. फोल्डरवर ‘यूझर_होम_टी’ लेबल, कंटेनरला हवं ‘कंटेनर_फाइल_टी’. म्हणजे अडवत होतं एसईलिनक्स, लेबलं पाहून प्रवेश ठरवणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा! ते बंदच करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. फोल्डर जोडणाऱ्या व्हॉल्यूमच्या पर्यायाला शेवटी कोलन आणि कॅपिटल झेड जोडलं, म्हणजे पॉडमॅन लेबल स्वतः बदलतो; कंटेनर नव्याने बनवला, काम झालं. फोल्डर अनेक कंटेनरांना वापरायचा असेल तर स्मॉल झेड. अख्ख्या होम डिरेक्टरीवर मात्र हे लावू नका. आतली सगळी लेबलं बदलतात, मग एसएसएचने (दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या सोयीने) लॉगिनही अडू शकतं.